काच फुंकायला शिकताना

कारखान्याच्या भिंतीआड शतकानुशतके दडलेली काचफुंकणीची विद्या १९६२ नंतर छोट्या स्टुडिओंत आली आणि हौशी माणसांना खुली झाली. ती कशी शिकली जाते, काच का वळते, का फुटते आणि आपल्याकडे या छंदाची वाट कोठे अडते, याचा हा वेध.

चुलीपुढची फुंकणी आता बहुतेक घरांतून हद्दपार झाली आहे. मात्र तिच्याच जातीची, पण चार-पाच फूट लांब आणि पोलादी फुंकणी हातात घेऊन धगधगत्या भट्टीपुढे उभे राहण्यासाठी पदरचे पैसे मोजणारी माणसे अमेरिका, युरोप, जपान आणि ऑस्ट्रेलियात ठिकठिकाणी आढळतात. त्यांत शिक्षक असतात, संगणक अभियंते असतात, निवृत्त मंडळीही असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ ती एखाद्या काचेच्या स्टुडिओत घालवतात. घरी परतताना बहुधा हात रिकामेच असतात, कारण त्या दिवशी केलेली वस्तू एक तर जमिनीवर पडून फुटलेली असते किंवा निवण्यासाठी पेटीत ठेवलेली असते.

हा छंद चित्रकला किंवा मातीकाम यांच्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो त्यांहून बराच वेगळा आहे. कुंचला खाली ठेवून चहा घेता येतो, चाकावरची माती ओल्या फडक्याने झाकून उद्यावर टाकता येते. काचेला ही सवलत नाही. भट्टीतून बाहेर आल्यापासून ती क्षणाक्षणाला घट्ट होत जाते आणि फिरवणे थांबले की त्याच क्षणी ओघळू लागते. शिकणाऱ्याला विचार करायला मिळतात ती जेमतेम काही सेकंदे. ही घाई अंगवळणी पडणे, हेच या विद्येचे पहिले आणि सर्वांत अवघड पाऊल होय.

भिंतीआडची विद्या

काच बनवण्याची कला साडेतीन हजार वर्षांहून जुनी आहे. फुंकून पोकळ भांडे करण्याची युक्ती मात्र त्या मानाने बरीच नंतरची. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या सीरिया, लेबनॉन, इस्रायल आणि पॅलेस्टाइनच्या परिसरात ती प्रथम साधली गेली. जेरुसलेममधील उत्खननात त्या काळातील फुंकलेल्या काचेचे अवशेष मिळाले आहेत. या युक्तीमुळे काचेचे भांडे काही मिनिटांत होऊ लागले. तोवर श्रीमंतांची मिरास असलेली काच रोमन साम्राज्यात सामान्यांच्या घरात पोहोचली ती यामुळेच.

पुढे हे ज्ञान कारागिरांच्या घराण्यांत आणि संघांत बंदिस्त झाले. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ साली काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून मुरानो बेटावर नेल्या. आगीची भीती हे त्यामागचे एक कारण. पण बेटावर कारागीर आणि त्यांची गुपिते दोन्ही नजरेखाली ठेवणे सोपे गेले, हाही लाभ होताच. तेथे मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की भट्टीवर पाणी भरण्यापासून सुरुवात करी आणि वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनंतर उस्ताद होई. बाहेरच्या माणसाला तेथे प्रवेश नव्हता. औद्योगिक क्रांतीनंतर कारखाने मोठे झाले, भट्ट्या टनावारी काच वितळवू लागल्या. पण कलावंताने आराखडा कागदावर काढायचा आणि काचेला हात कामगारानेच लावायचा, ही विभागणी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायम राहिली.

ती मोडण्याचे श्रेय मुख्यतः हार्वे लिटलटन या अमेरिकी कुंभारकाम-शिक्षकाकडे जाते. लिटलटन यांचे वडील कॉर्निंग या काच कंपनीत पदार्थवैज्ञानिक होते आणि पायरेक्स काचेच्या विकासाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यामुळे काच लिटलटन यांच्या घरातलीच होती. मातीच्या भट्टीइतक्या लहान भट्टीत एकट्या कलावंताला काच वितळवून फुंकता का येऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता. १९६२ च्या मार्चमध्ये ओहायो राज्यातील टोलेडो कलासंग्रहालयाच्या आवारातील एका गॅरेजमध्ये त्यांनी कार्यशाळा घेतली. पहिला प्रयत्न फसला. वितळवलेली काच कामास येईना. डॉमिनिक लॅबिनो हे काचतंत्रज्ञ मदतीला आले. त्यांनी भट्टीत सुधारणा सुचवल्या आणि काचतंतू बनवण्यासाठी कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या काचेच्या गोट्या आणून दिल्या. त्या कमी तापमानाला वितळल्या आणि फुंकता आल्या. फुंकायचे कसे, हे दाखवायला हार्वी लीफग्रीन नावाचे एक निवृत्त कारागीर हजर होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये दुसरी कार्यशाळा झाली आणि ‘स्टुडिओ काच चळवळ’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या प्रवाहाचा उगम झाला.

लिटलटन यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात काचेचे शिक्षण सुरू केले. त्यांचे एक विद्यार्थी डेल चिहुली यांनी १९६८ मध्ये व्हेनिसला जाऊन तेथील कारखान्यातील काम पाहिले आणि १९७१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील जंगलात, ॲन आणि जॉन हॉबर्ग या दांपत्याच्या साह्याने, पिलचक ही काचशाळा उभी केली. १९७९ मध्ये मुरानोचे उस्ताद लिनो तालियापिएत्रा तेथे शिकवायला आले. बेटाची गुपिते परक्यांना दिली म्हणून त्यांना आपल्याच माणसांचा रोष पत्करावा लागला. मात्र शतकांचे हातचे ज्ञान आणि नव्या मंडळींचे धाडस यांची गाठ तेथे पडली. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग काचसंग्रहालयाने १९९६ मध्ये स्वतःचा शिक्षण-स्टुडिओ उघडला. आज कोणालाही शुल्क भरून एका दुपारपुरती काच हाताळता येते, त्यामागे ही सारी परंपरा आहे.

काच वळते ती का?

बर्फाला शून्य अंश सेल्सिअस हा वितळण्याचा ठरलेला बिंदू आहे. काचेला तसा बिंदू नाही. तिच्यातील अणूंची रचना स्फटिकासारखी नियमबद्ध नसते. त्यामुळे तापवले की ती हळूहळू मऊ होते, निवली की हळूहळू घट्ट होते. घन आणि द्रव यांच्यामधला हा रुंद पट्टा हीच काचफुंकणाऱ्याची कर्मभूमी होय.

स्टुडिओतील काच प्रामुख्याने वाळूतील सिलिका, सोडा आणि चुना यांची असते. निव्वळ सिलिका वितळायला १,७०० अंशांहून अधिक तापमान लागते. सोडा मिसळला की ते बरेच उतरते, पण अशी काच पाण्यात विरघळू शकते. चुना तिला टिकाऊ करतो. भट्टीत ही काच साधारण १,१०० ते १,१५० अंशांवर राखलेली असते. त्या तापमानाला ती दाट मधासारखी असते आणि नळीच्या टोकावर मध गुंडाळावा तशीच गुंडाळून घेतली जाते. बाहेर आल्यावर ती भराभर उष्णता गमावते. पिवळसर पांढरा रंग नारिंगी होतो, नारिंगी लाल होतो आणि सातशे अंशांच्या आसपास ती हाताला दाद देईनाशी होते. मग तिला पुन्हा आचेपुढे न्यावे लागते. काम करायचे, तापवायचे, पुन्हा काम करायचे, हाच सारा क्रम आहे. रंगावरून तापमान ओळखणे आणि नळी फिरवताना हाताला जाणवणाऱ्या हेलकाव्यावरून काचेचा मऊपणा ताडणे, या दोन गोष्टी कोणत्याही पुस्तकातून येत नाहीत.

तीन भट्ट्या आणि ओले वर्तमानपत्र

काचेच्या स्टुडिओत साधारणपणे तीन उष्ण स्थाने असतात. पहिली मुख्य भट्टी. तिच्यातील मुशीत काच सदैव वितळलेली असते. दुसरी पुन्हा तापवण्याची भट्टी. आडव्या पिंपासारखी, समोरून उघडी. इंग्रजी परंपरेत तिला ‘ग्लोरी होल’ म्हणतात. तिसरी निववण्याची पेटी. तयार वस्तू सुमारे ४८० ते ५१० अंशांवर असलेल्या या पेटीत ठेवून अत्यंत सावकाश थंड केली जाते.

भट्टीसमोर कारागिराचा बाक असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांचे आडवे हात पुढे आलेले असतात. त्यांवर नळी टेकवून डाव्या हाताच्या तळव्याने ती पुढे-मागे लाटायची, जणू पोळपाटावरचे लाटणेच, आणि उजव्या हातातील अवजाराने काचेला आकार द्यायचा. अवजारे थोडी आणि जुन्याच धाटणीची. ‘जॅक्स’ म्हणजे मोठा पोलादी चिमटा; त्याच्या पात्यांना मेण चोळतात आणि त्याने काचेला गळा पाडतात, तोंड उघडतात. कात्र्या दोन-तीन प्रकारच्या. ‘मार्व्हर’ म्हणजे पोलादाची गुळगुळीत फळी. तिच्यावर काच लोळवून गोलाई आणतात. पूर्वी ही फळी संगमरवराची असे आणि तिचे नावही त्याच फ्रेंच शब्दावरून पडले आहे. ‘ब्लॉक’ म्हणजे चेरीसारख्या फळझाडाच्या लाकडाचा, डावासारखा कोरलेला साचा. तो सतत पाण्यात बुडवून ठेवलेला असतो. तापलेली काच त्यात टेकली की पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेच्या पातळ थरावर काच फिरत राहते. लाकूड लगेच पेट घेत नाही.

याच तत्त्वावर चालणारे एक अवजार वाचकांच्या रोजच्या ओळखीचे आहे, ते म्हणजे वर्तमानपत्र. अनेक पानांची जाड घडी करायची, पाण्यात चिंब भिजवायची आणि तळहातावर ठेवून तिच्यात हजार अंशांच्या जवळपास तापलेली काच धरायची. हात आणि काच यांच्यामध्ये असतो फक्त भिजलेला कागद. तरीही हात भाजत नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कारागिराला काचेचा आकार थेट तळव्याला जाणवतो तो याच साधनाने. चकचकीत छपाईची गुळगुळीत पाने मात्र यासाठी चालत नाहीत. साधा वृत्तपत्री कागदच लागतो. संगणकावर वृत्तपत्र वाचण्याच्या आजच्या काळात काचेचे स्टुडिओ हे छापील अंकाचे एक निष्ठावंत गिऱ्हाईक ठरले आहेत.

पहिला धडा: फुंकायचेच नाही

काच फुंकायला म्हणून आलेल्या नवशिक्याला बहुतेक स्टुडिओंत पहिल्या दिवशी फुंकू देत नाहीत. त्याला भरीव गोळ्याचा पेपरवेट करायला लावतात. पोलादी दांड्यावर भट्टीतून काच घ्यायची, रंगीत काचेच्या भुकटीत ती टेकवायची, तापवून चिमट्याने पीळ द्यायचा, वरून स्वच्छ काचेचा आणखी एक थर घ्यायचा, ब्लॉकमध्ये फिरवून गोल करायचा आणि दांड्याजवळ गळा पाडून झटक्याने अलग करायचा. ऐकायला हे सोपे वाटते. करताना मात्र लक्षात येते की दोन्ही हात वेगवेगळी कामे करत असताना नळीचे फिरणे एक क्षणही थांबता कामा नये. थांबले की गुरुत्वाकर्षण आपले काम करते आणि गोळा एका बाजूला कलंडतो. म्हणून अनेक शिक्षक आधी थंड नळी हातात देऊन नुसती फिरवण्याचाच सराव करून घेतात.

त्यानंतर येतो पेला. नळीवर काचेचा लहान गोळा घेऊन तो मार्व्हरवर लोळवतात. मग नळीत किंचित फुंकर घालून तोंडाकडचे भोक चटकन अंगठ्याने बंद करतात. आत कोंडलेली हवा काचेच्या उष्णतेने प्रसरण पावते आणि गोळ्यात आपोआप बुडबुडा उमलतो. काच फुंकायला पहिलवानाची छाती लागते, हा समज येथेच गळून पडतो. जोर लावून फुंकल्यास बुडबुडा पातळ जागी फुगतो आणि काम बिघडते. ताकदीपेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे.

बुडबुड्यावर काचेचा दुसरा थर घेतला जातो. ब्लॉकमध्ये त्याला आकार येतो, जॅक्सने नळीजवळ गळा पाडला जातो, पुढे फुगवून तळ सपाट केला जातो. आता पेल्याचा तळ तयार आहे, पण तोंड अजून नळीलाच चिकटलेले आहे. ते मोकळे करण्यासाठी ‘पंटी’ नावाच्या भरीव दांड्यावर काचेचा थेंब घेऊन तो तळाला चिकटवतात, गळ्यावर पाण्याचे एक-दोन थेंब सोडतात आणि नळीवर हलकेच टकटक करतात. थंड पाण्याने गळ्याला तडा गेलेला असतो; पेला नळीवरून सुटून पंटीवर येतो. हा सबंध कामातील सर्वांत नाजूक क्षण. पंटी फार गरम असेल तर ती तळात रुतते आणि शेवटी सुटत नाही. फार थंड असेल तर पेला थेट फरशीवर. नवशिक्यांचे सर्वाधिक पेले येथेच धारातीर्थी पडतात. जो वाचतो, त्याचे तोंड पुन्हा तापवून, जॅक्सने उघडून, पंटीवर टकटक करून त्याला जाड उष्णतारोधक हातमोजे घातलेल्या साथीदाराच्या हातांत सोडतात आणि तो धावत पेटीत पोहोचवतो. जुन्या फुंकलेल्या भांड्याच्या बुडाशी खरबरीत व्रण दिसतो, तो या पंटीचाच.

हे सारे वीस-पंचवीस मिनिटांचे काम. ते निर्वेध पार पडायला मात्र कित्येक महिन्यांचा सराव लागतो. शिवाय पहिला सरळ पेला झाला, म्हणजे तसाच दुसरा होईल याची शाश्वती नसते. एकसारखे सहा पेले करणे ही हौशी माणसासाठी मोठी परीक्षा मानली जाते.

निववण्याचे शास्त्र

पेटीत ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशीच का मिळते, हा प्रत्येक नवशिक्याचा प्रश्न असतो. उघड्यावर ठेवलेला पेला बाहेरून आधी थंड होतो. बाहेरचा थर आकुंचन पावून घट्ट झालेला असतो, तेव्हा आतला भाग अजून गरमच असतो. नंतर तो आकुंचू पाहतो, तेव्हा घट्ट झालेले बाहेरचे कवच त्याला रोखून धरते. ही ओढाताण काचेत कायमची कोंडली जाते. मग ती पाच मिनिटांत फुटेल, पाच दिवसांनी फुटेल किंवा कोणी गरम चहा ओतल्यावर फुटेल. हे टाळण्यासाठी वस्तू सर्व बाजूंनी एकाच तापमानाला आणून ताण सैल होईपर्यंत ठेवायची आणि मग तासाला ठरावीक अंशांनी उतरवायची, यालाच अनीलिंग म्हणतात.

जाडी वाढली की हा वेळ झपाट्याने वाढतो. पातळ पेल्याला एक रात्र पुरते. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीच्या आरशासाठी कॉर्निंगने १९३४ च्या अखेरीस ओतलेली काचेची तबकडी निववायला सुमारे दहा महिने लागले होते.

दुसरे पथ्य दोन काचांच्या मेळाचे. कोणतीही बाटली फोडून ती स्टुडिओच्या काचेत मिसळता येत नाही. तापमान उतरताना प्रत्येक काच वेगवेगळ्या प्रमाणात आकसते. स्टुडिओतील काच ढोबळ हिशेबाने ४८० अंश निवताना दहा सेंटिमीटरमागे जवळपास अर्धा मिलिमीटर आकसते, तर प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काच त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच. एकमेकींत वितळलेल्या या दोन काचा निवल्यावर एकमेकींना फाडूनच काढतात. म्हणून रंगीत काचेच्या कांड्या आणि भुकटी विकत घेताना प्रसरणांक जुळतो की नाही, हे आधी पाहावे लागते.

एकट्याचे काम नव्हे

एकटा कलावंत, एकटी भट्टी हे लिटलटन यांचे स्वप्न होते. काळाच्या ओघात स्टुडिओ काच पुन्हा चमूकडेच वळली. कारण साधे आहे. तोंड उघडत असताना कोणी तरी फुंकावे लागते, पंटी आणावी लागते, आचेपुढे ढाल धरावी लागते. बाकावरचा मुख्य कारागीर ‘गॅफर’ म्हणवला जातो आणि बाकीचे त्याचे साथीदार. १९७६ मध्ये इंग्लंडमधील मोटार अपघातात चिहुली यांचा डावा डोळा गेला, १९७९ मध्ये त्यांचा खांदा निखळला आणि त्यानंतर त्यांनी फुंकणी खाली ठेवली. पुढचे त्यांचे सारे प्रसिद्ध काम चमूने केले. ते स्वतः रेखाटने काढत आणि सूचना देत.

हौशी माणसालाही हे लागू पडते. शिकणारे जोडीजोडीने येतात. एकाने करायचे, दुसऱ्याने साथ द्यायची, मग अदलाबदल. दुसऱ्याच्या हातातील पेला आपल्या चुकीने पडला, की होणारी चुटपुट स्वतःचा पेला पडल्यापेक्षा मोठी असते. त्यातूनच लक्ष देण्याची सवय लागते आणि पडलेल्या तुकड्यांकडे पाहून हसण्याचीही.

जोखीम आणि खर्च

भट्टीचा धोका डोळ्यांना दिसतो, त्यामुळे माणूस जपून वागतो. खरा धोका न दिसणाऱ्या उष्णतेचा. साधारण पाचशे अंशांखाली काच चमकायची थांबते. तीनशे अंशांची काच आणि थंड काच दिसायला सारखीच. त्यामुळे जमिनीवरचा तुकडा उचलायचा नाही आणि नळी मधोमध धरायची नाही, हे नियम पहिल्याच तासाला शिकवले जातात. सुती कपडे, बंद बूट, बांधलेले केस हवेत. कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. भट्टीकडे सतत पाहणाऱ्यांना अवरक्त किरण अडवणारा चष्मा लागतो, कारण वर्षानुवर्षे उष्णतेकडे पाहणाऱ्या काचकामगारांत मोतीबिंदूचे प्रमाण जास्त असल्याचे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात गेल्यास सिलिकोसिस होतो. म्हणून बहुतेक छोटे स्टुडिओ कच्ची वाळू न हाताळता तयार काचेचे तुकडे किंवा गोळ्या वितळवतात. २०२० च्या करोना साथीनंतर एकाच नळीला अनेकांनी तोंड लावण्याची पद्धतही बदलली. स्वतंत्र मुखनळ्या किंवा हवेचे पंप बऱ्याच ठिकाणी आले.

खर्च हा या छंदातला सर्वांत मोठा अडसर. मुख्य भट्टी रोज पेटवता-विझवता येत नाही. तसे केल्यास मूस तडकते. ती महिनोन्‌महिने अहोरात्र चालू ठेवावी लागते, मग कोणी काम करो वा न करो. साहजिकच स्टुडिओचे अर्थकारण इंधनाच्या दरावर हेलकावे खाते. २०२१-२२ मध्ये युरोपात नैसर्गिक वायूचे दर भडकले, तेव्हा मुरानोतील कित्येक भट्ट्यांना काम थांबवावे लागले. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ हे आंतरराष्ट्रीय काच वर्ष म्हणून घोषित केले होते. त्याच वर्षी जगातील सर्वांत नावाजलेल्या काचबेटावर भट्ट्या विझत होत्या. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये हाती काच घडवण्याच्या विद्येचा समावेश युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत केला. झेकिया, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी आणि स्पेन या सहा देशांनी त्यासाठी एकत्र अर्ज केला होता. हौशी माणूस स्वतःची भट्टी बाळगत नाही. तो तासावारी बाक भाड्याने घेतो. मात्र त्याच्या त्या भाड्यावरच पुष्कळ ठिकाणी भट्टी तगून राहते, हेही खरे.

आपल्याकडे काय?

भारताला ही विद्या परकी नाही. उत्तर प्रदेशातील फिरोजाबादमध्ये पिढ्यानपिढ्या काच वितळवली, ओढली आणि फुंकली जाते; लग्नघरातला हिरवा चुडा बहुधा तेथूनच येतो. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालानंतर तेथील भट्ट्या कोळशावरून नैसर्गिक वायूकडे वळल्या.

महाराष्ट्राचा काचेशी संबंध तर थेट स्वदेशीच्या चळवळीशी भिडतो. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून, म्हणजे सामान्य माणसाच्या एकेका पैशातून, तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला. काचकाम शिकवणे हा त्याच्या उद्देशांचाच भाग होता. पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंनी काढलेल्या कारखान्यातील ‘प्रभाकर’ कंदिलांनी गावोगावच्या ओसऱ्या उजळल्या. ओगल्यांचा तो कारखाना आता इतिहासजमा झाला. गावाचे नाव तेवढे उरले आहे. आणखी एक धागा प्रयोगशाळांचा. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अशा संस्थांत शास्त्रज्ञांना हवी तशी उपकरणे घडवून देणारे काचफुंकणीचे विभाग उभे राहिले. तेथील कारागीर भट्टीऐवजी ऑक्सिजन आणि वायूच्या ज्योतीवर बोरोसिलिकेट नळ्या वळवतात.

हौशी माणसाला आपल्याकडे सर्वांत जवळची वाट हीच ज्योतीवरच्या कामाची आहे. टेबलावर बसवलेली छोटी ज्योत, काचेच्या कांड्या, पोलादी तार आणि निववण्याची लहानशी विजेची पेटी एवढ्या सामग्रीवर मणी, पदके, छोट्या आकृती करता येतात. खोलीत हवा खेळती असणे आणि वायूच्या टाक्या नीट हाताळणे ही पथ्ये मात्र तेथेही कडक आहेत. मोठ्या भट्टीपुढे उभे राहून पेला फुंकायचा असेल, तर तशी सोय देशात मोजक्याच ठिकाणी आहे.

येथे एक विसंगती ठळकपणे जाणवते. फिरोजाबादच्या कामगाराजवळ हात आहे, वेग आहे, रंगावरून तापमान ओळखणारी नजर आहे. पण स्वतःच्या मनाप्रमाणे एखादी वस्तू करून पाहायला त्याला वेळ नाही की भट्टी नाही. शहरातल्या हौशी माणसाजवळ वेळ आणि पैसा आहे. पण त्याला शिकवणारे हात कोठे आहेत, हे त्याला माहीत नाही. टोलेडोच्या गॅरेजमध्ये १९६२ साली एका प्राध्यापकाला निवृत्त कारखानदारी कारागिराने फुंकायला शिकवले. तशी गाठ आपल्याकडे अजून पडायची आहे. ती पडली तर कारागिराला मजुरीपलीकडचा मान आणि उत्पन्न मिळू शकेल, शिकणाऱ्याला अस्सल गुरू मिळेल आणि यंत्रापुढे मागे पडत चाललेल्या एका विद्येला नवे हात मिळतील.

तोवर ज्याला संधी मिळेल त्याने एकदा तरी हा अनुभव घ्यावा. पहिल्या दिवशी होणारी वस्तू वाकडीच असेल. मात्र घरातला साधा काचेचा पेला उचलताना माणूस त्यानंतर क्षणभर थबकतो आणि तो उलटा करून बुडाशी पंटीचा व्रण आहे का, ते पाहतो.